गंगापूर धरणात १२ आसनी बोट : चालवणाऱ्याला कोणता परवाना लागतो?

गोदाकाठ (प्रश्न)
गंगापूर धरणाच्या फुगवट्यात पर्यटकांसाठी फायबरची १२ आसनी बोट चालवायची आहे. मागे आउटबोर्ड इंजिन, वर छत. चालवणारा मुलगा गावातलाच, पट्टीचा पोहणारा, चारचाकीचं लायसन्स आहे. एवढ्यावर भागेल का? आणि पाहणीत नेमकं काय अडतं?

सुकाणू
नाही भागणार. इंजिनाच्या बोटीला २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट लागू होतो, १९१७ चा जुना कायदा आता गेला. त्यात बोटीचा सर्व्हे (तुम्ही म्हणता ती पाहणी), बोटीची नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचं सक्षमता प्रमाणपत्र, म्हणजेच बोट चालवण्याचा परवाना, ही चारही वेगवेगळी कामं आहेत. एक झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. राज्यात हे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे येतं, धरणातल्या बोटीसुद्धा. चारचाकीच्या लायसन्सचा इथे काही उपयोग नाही, आणि पोहता येणं म्हणजे बोट हाकता येणं नव्हे.

सगळ्यात आधी जलसंपदा विभागाची परवानगी बघा. जलाशय त्यांचा, ती नसेल तर बाकीचे कागद घेऊन बोट काठावरच राहील. बोट घेतानाच बांधणाऱ्याकडून आराखडा आणि स्थिरतेची आकडेमोड (किती भार नि कल बोट उलटल्याशिवाय सोसते याचा हिशेब) लेखी मागून घ्या. पैसे चुकते झाल्यावर ते कागद हाती लागणं कठीण. आणि इंजिन फोर-स्ट्रोकच घ्या. नाशिकचं पिण्याचं पाणी याच धरणातून जातं, टू-स्ट्रोकचं जळकं तेल त्यात नको.

तळपाणी
'१२ आसनी' हे विकणाऱ्याचं बोलणं. सर्व्हेच्या दाखल्यावर जो आकडा येईल तोच खरा, आणि त्यात चालवणारा धरलाय की नाही हे तिथेच वाचून घ्या. आकडा बोटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात रंगवा.

बोटी उलटतात त्या बहुतेक दोनच वेळी : सगळे एका कडेला फोटोला सरकतात तेव्हा, नाहीतर धक्क्याला लागताना सगळे एकदम उठतात तेव्हा. बोट बांधून होईपर्यंत कुणी उठायचं नाही, मग एकेकाने मधून उतरायचं. तळात साचलेलं पाणी तर छुपा प्रवासी. ५ मीटर लांब, दीड मीटर रुंद तळात ३ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २२५ किलो, तीन माणसांचं वजन. शिवाय बोट कलली की ते त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. म्हणून प्रत्येक फेरीआधी तळ कोरडा करा. पंप असला तरी बादली हवीच.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं अचानक उठतं. ढग भरून आले की फेरी बंद. मध्येच सापडलात तर लाटा कुशीवर घेऊ नका, वेग कमी करून नाक थोडं तिरकं लाटेवर धरा आणि जवळचा काठ गाठा.

गोदाकाठ
लाइफ जॅकेटं बाजारात फार स्वस्त मिळतात. ती चालतील? आणि वल्ह्याची होडी ठेवली तर ही कटकट टळेल का?

सुकाणू
होडीसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आहे, तिथे स्थानिक संस्थेचा संबंध येतो. पण जॅकेट आणि माणसांची मर्यादा तिथेही तितकीच लागते.

तळपाणी
स्वस्तातलं जॅकेट आधी पाण्यात वजन बांधून रात्रभर ठेवून बघा. फोम पाणी पीत असेल तर ते टाकून द्या. जॅकेटवर बसू देऊ नका, फोम दबतो आणि तरंगण्याची ताकद जाते. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढा : कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. मुलांची वेगळी, त्यांच्या वजनाप्रमाणे, मांडीखालून पट्टा असलेली.

छताच्या बोटीत बाजूचे पडदे कधीही लावू नका. बोट उलटली तर जॅकेटच माणसाला वरच्या बाजूला दाबून धरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही.

इंजिनाच्या किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेलीच हवी. तो पाण्यात पडला की इंजिन बंद पडतं, नाहीतर मोकाट बोट गोल फिरून त्याच्यावरच येते. दुसरी दोरी बोटीतच ठेवा, नाहीतर मागे राहिलेल्यांना इंजिन परत चालू करता येणार नाही. पाण्यात पडलेल्याला घेताना तो जवळ आला की इंजिन बंदच करा. नुसत्या न्यूट्रलवर विसंबू नका. आणि पेट्रोलची सुटी टाकी काठावर उतरवून भरा. वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीत सांडलं तर ती तळातच साचून राहते.

सुकाणू
नांगराची दोरी खोलीच्या चार-पाच पट लांब घ्या, १० मीटर पाण्याला ४०-५० मीटर. तोकडी दोरी असली की नांगर उचलला जातो आणि बोट वाहते.