एचेवेरी म्हणजे नवं घर? शिरोड्याहून एक प्रश्न

वेळागरचो:

नमस्कार मंडळी. मी शिरोड्याला वेळागरच्या बाजूला दोन खोल्यांचं होमस्टे चालवतो. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत सी फॉर्म ऑनलाइन भरायचा, हे इथल्या धंदेवाल्यांना ठाऊक आहेच. जानेवारीत उरुग्वेची एक बाई आठवडाभर राहून गेली. पासपोर्टावर नाव एक आणि पुढे एचेवेरी सिल्वा. आडनाव शेवटी असतं या हिशेबाने मी सिल्वा आडनावात टाकलं आणि एचेवेरी मधल्या नावाच्या रकान्यात सरकवलं. बाईने फोनवर बघितलं आणि हसायला लागली. म्हणाली, दोन्ही आडनावंच आहेत. पहिलं बापाकडचं, दुसरं आईकडचं. म्हणजे खरं चालतं ते एचेवेरी.

संध्याकाळी पडवीत बसून सोलकढी पिताना तिने त्या नावाची गोष्ट काढली. हे स्पॅनिश नव्हे, बास्क आहे, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेतलं. त्या भाषेत एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. झालं 'नवं घर'. इथवर ठीक होतं. पुढे म्हणते, तुमच्या गोव्यात जो संत आहे ना, त्याचं नाव आणि माझं नाव एकच. झेवियर आणि एचेवेरी! इथे मला शंका आली. सोलकढी चांगली झाली होती, पण एवढी नाही.

मला हे डोक्यातून जाईना, कारण आमच्या घराला वाडीत 'नवा घर' म्हणतात. पणजोबांनी थोरल्या घरातून वेगळे होऊन बांधलं, त्याला नव्वदएक वर्षं झाली. वाशांना वाळवी लागली, चिरे शेवाळले, तरी नाव नवा घर. वाडीत माझं आडनाव कोणी घेत नाही, 'नव्या घराकडलो' एवढंच. हे आईला मालवणीत समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मगे ता चेडू आपलाच." आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला आंबोळ्यांचे पैसे लावू दिले नाहीत.

तर विचारायचं असं, की झेवियरची गोष्ट खरी का? आणि स्पेनच्या कोपऱ्यातलं नवं घर उरुग्वेत कसं पोचलं? तिथे म्हणे अशा आडनावाची माणसं खंडीभर आहेत. सगळे एकाच घरचे असतील का?

ऑफसाइड_कणकवली:

झेवियरचं माहीत नाही, पण फुटबॉलवाला शाबी आलोन्सो बास्कच आहे, तोलोसा गावचा. शाबी हे शाबिएरचं लाडातलं रूप. आमचे कॉमेंटेटर झाबी झाबी करतात. तिकडे एक्सचा उच्चार श.

हर्णै_बंदर:

वेळागरकर, तुमची पाहुणी बरोबर बोलली. सोलकढीचा संबंध नाही.

मी रेडिओ ऑफिसर म्हणून बोटीवर पंचवीस वर्षं काढली. स्पेनच्या बास्क मुलखातल्या बिलबाओ बंदराला माल उतरवायला चार-पाच वेळा गेलो असेन. तिथे गोदीवरच्या एका मुकादमाने मला हे नाव असं शिकवलं: एचे-बेरी-आ. शेवटचा 'आ' म्हणजे इंग्रजीतला 'द', फक्त शेपटाला लावलेला. एचेबेरिया म्हणजे 'ते नवं घर'. बास्क भाषेला युरोपात कुणी नातेवाईक नाही. स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकी. ही त्या घरातली नव्हेच, त्यांच्या आधीपासून तिथे आहे.

या नावाची स्पेलिंगं बघून माणूस कुठल्या बाजूचा ते बरंच कळतं, जसं आपल्याकडे नुसत्या हेलावरून कोण मालवणचा आणि कोण दापोलीचा ते ओळखतो. पश्चिमेला, बिलबाओच्या अंगाला, 'नवं' याला बेरी न म्हणता बारी म्हणतात. म्हणून तिकडचे एचेवारिया, आणि पुढचा ए गळून पडला की चावारी, चावारिया. मधल्या आणि पूर्वेच्या भागात एचेवेरिया. आणि पिरिनीज डोंगराच्या पलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत जो बास्क मुलूख आहे, तिथे फ्रेंच वळणाने टी-सी-एच लिहितात आणि शेवटी वाय: एचेवेरी. तुमच्या पाहुणीने पासपोर्टावर वाय लावला असेल तर तिचा पणजा बहुतेक फ्रान्सकडचा. एकदा पासपोर्टाची झेरॉक्स काढून बघा. सी फॉर्मसाठी ठेवली असेलच.

आता झेवियर. नवार नावाचं राज्य होतं, त्याच्या पूर्व टोकाला, शेजारच्या आरागॉन राज्याच्या सीमेजवळ एक किल्लेवजा घर होतं. त्याचं नाव एचेबेरी, म्हणजे तेच नवं घर. तिथे शेजारी बास्क न बोलणारे लोक. त्यांच्या जिभेवर 'बेरी'चं 'बिएर' झालं, पुढचा स्वर गेला, आणि उरलं शाविएर. आरागॉनमध्ये हाविएरे नावाची गावं आहेत, तीही याच चालीची. त्या काळी स्पॅनिशमध्ये एक्स अक्षराचा उच्चार श होता. पुढे तो उच्चार घशात गेला, ख आणि हच्या मधला काहीतरी झाला, आणि लिहायला जे आलं. म्हणून आज स्पेनमध्ये हाविएर. पोर्तुगिजांनी श तसाच ठेवला, आणि गोव्याला तोच आला. मुंबईत इंग्रजी शाळेने त्याचा झ केला. एक दारावरची पाटी, तीन जणांनी तीन तऱ्हांनी वाचलेली.

आणि गंमत अशी, की हे त्या संताचं आडनाव नव्हतंच. बापाचं नाव हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिलिकुएता. किल्ला आईकडून आलेला. म्हणजे आपल्या भाषेत बाप घरजावई! १५०६ साली पोरगा त्या घरात जन्मला म्हणून तो शाविएरचा फ्रान्सिस. बास्क मुलखात हे नेहमीचं होतं. घराला नाव असायचं, आणि माणूस त्या घराचा. लेक वारस असेल तर जावई येऊन त्या घराच्या नावाने ओळखला जायचा. आपल्याकडे 'कर' लावून गावाचं नाव घेतात, त्यांनी एक पायरी खाली उतरून उंबऱ्याचं घेतलं.

त्यामुळे सगळे एकाच घरचे का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दर खोऱ्यात, दर वस्तीत कुणीतरी कधीतरी नवं घर बांधणारच. पुढे चर्चच्या वह्यांत नावं चढली आणि पिढ्यानपिढ्या तीच चालू राहिली. एचेवेरिया नावाच्या दोन माणसांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही, जसं दोन डोंगऱ्यांचं नसतं. (मेंडी म्हणजे डोंगर, साबाल म्हणजे रुंद. त्यावरून मेंडिसाबाल. आणि दक्षिण अमेरिकेचा तो सिमोन बोलिव्हार आहे ना, त्याचं आडनाव म्हणजे गिरणीचं खोरं. बिस्काया या बास्क प्रांतातल्या एका खेड्याचं नाव. एवढा मोठा मुक्तिदाता आणि आडनावात पिठाची गिरणी.)

उरुग्वेचं संध्याकाळी लिहितो. नात आली आहे, फोन मागते.

देवगड_ते_दुनिया:

यात नवल काय? बास्क लोक मूळचे आपल्याकडचेच. त्यांच्या भाषेत बिलबाओचा माणूस म्हणजे बिलबोतार. आपला मालवणकर. तार आणि कर! दर्यावर्दी लोक होते, इथूनच गेले असणार. संशोधन व्हायला हवं.

उभादांडेकरीण:

हर्णैच्या काकांनी छान लिहिलंय. थोडं माझं.

आमच्या आजोबांचं नाव शावियेर. घरात 'शावेर', बाजारात 'सावेर', शाळेच्या दाखल्यावर 'झेवियर', चर्चच्या वहीत एक्स घालून. चार कागद चार तऱ्हांचे. जमिनीच्या वारसनोंदीला हे चौघे एकच माणूस आहेत म्हणून माझ्या वडिलांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तलाठ्यासमोर वडील सांगत होते, "साहेब, श आणि झ सोडा, माणूस एकच." आज काकांचं वाचून कळलं की या भांडणाची सुरुवात स्पेनमध्येच झाली होती.

वेळागरच्या भावांना एक सांगते. आमच्याकडे ज्यांचं नाव किंवा आडनाव झेवियर आहे ते त्या घरातले नव्हेत, त्या घराच्या वाऱ्यालाही नाहीत. संत तर धर्मगुरू, त्यांचा वंश कुठून असणार? नाव आलं ते बाप्तिस्म्यातून, त्यांच्या भक्तीने. ३ डिसेंबरचं फेस्त जवळ असताना मूल झालं की नाव ठरलेलंच. आजोबांचा जन्म २ डिसेंबरचा. डिसोझा, फर्नांडिस यांचंही असंच. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचं नाहीतर धर्मबापाचं आडनाव मिळालं, ते चिकटलं. लोक मला अजून विचारतात, तुम्ही पोर्तुगीज का हो? मी बांगड्याचं तिरफळ घातलेलं आमट तिखलं करते आणि गाऱ्हाण्याच्या सुरात भांडते. काय वाटतं तुम्हाला?

२०२४ च्या अखेरीला संताचं शवप्रदर्शन झालं तेव्हा आम्ही गाडी करून जुन्या गोव्याला गेलो होतो. दहा वर्षांनी येतं ते. चार तास रांगेत. पुढे एक स्पॅनिश बोलणारं कुटुंब होतं, ते सारखं हाविएर, हाविएर म्हणत होतं. मागे आमची आत्या: "हे कोणाक हाका मारतत?"

हर्णै_बंदर:

देवगडकर, अहो थांबा. 'तार' म्हणजे रहिवासी, हे खरं. पण दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून दोन भाषा बहिणी होत नाहीत. कराचा उगम आपल्याकडे वेगळा, ताराचा तिकडे वेगळा. बास्क लोक दर्यावर्दी होते हे मात्र शंभर टक्के. व्हेल मारायला पार कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जायचे. पण देवगडाहून नाही.

उभादांड्याच्या ताई, तुमच्या आत्याला नमस्कार सांगा.

आता उरुग्वे. बास्क शेतघर तुकडे करून वाटायचं नाही, असा तिकडचा रिवाज. एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे अख्खं घर जाणार. बाकीच्यांनी पाद्री व्हावं, बोटीवर जावं, नाहीतर परमुलखात. आपण बरोबर उलटं केलं. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, आणि माड कोणाचा ते विचारू नका. पण शेवटी आपलीही पोरं मुंबईला गिरणीत गेलीच, म्हणजे दोन्ही वाटा एकाच धक्क्यावर.

त्यात एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये गादीच्या वारसावरून कार्लिस्ट लढाया झाल्या, पहिली १८३३ मध्ये सुरू झाली आणि शेवटची १८७६ मध्ये संपली. बास्क मुलूख ऐन रणात. फ्रान्सच्या बाजूला सक्तीची लष्करभरती. मग बोर्दो, बायोन, पासाहेस अशा बंदरांतून गलबतं भरून माणसं उरुग्वेच्या माँतेविदेओला आणि अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेसला गेली. मेंढ्या राखल्या, खाटीकखान्यात राबली, शहरात दूध घातलं. ब्वेनोस आयरेसचा दूधवाला म्हटलं की डोक्यावर गोल टोपी घातलेला बास्कच डोळ्यासमोर यायचा, आपल्याकडे जसा भय्या.

मेक्सिको, कोलंबिया, चिलीकडचे एचेवेरिया बरेचसे त्याआधीचे, स्पॅनिश राजवटीबरोबर गेलेले. मेक्सिकोला १९७० ते १९७६ लुईस एचेवेरिया राष्ट्राध्यक्ष होता. म्हणजे 'नवं घर' थेट राजवाड्यात.

फिलिपिन्समध्येही बास्क आडनावं भेटतात, माझ्या बोटीवर दोन खलाशी होते तसे. पण तिथे १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाने आडनावांची यादीच छापून गावोगाव पाठवली आणि लोकांना त्यातून नावं दिली. ताई म्हणतात तोच प्रकार, फक्त सरकारी. तेव्हा नाव बघून रक्त ओळखायला जाऊ नये. मी एकदा गेलो होतो. बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, माझ्याकडे असं बघितलं की पुढचे दोन महिने मी त्याला आडनावाने हाकच मारली नाही.

वेळागरचो:

काका, ताई, मंडळी, आभार. झेरॉक्स काढून बघितली. टी-सी-एच आहे आणि शेवटी वाय. तिला मेल केला. तिचं उत्तर आलं की पणजोबा फ्रान्सकडच्या बाजूचेच, घरातले धाकटे, आणि मूळ घर थोरल्या बहिणीला गेलं. ते घर अजून उभं आहे म्हणे, आता त्यात कोणी दुसरेच राहतात, पण गावात नाव तेच.

सी फॉर्मची चूक पोलीस स्टेशनात जाऊन सांगितली. साहेब म्हणाले, बाई परत गेली ना? मग सोडा.

आईला घरजावयाचं सांगितलं. संताचा बाप घरजावई, हे तिला इतकं आवडलं की शेजारणीला सांगायला त्याच पावली गेली.

एक राहिलं. आमच्या मागच्या परड्यात चुलतभावाने स्लॅबचं घर घातलंय, गेल्या मे महिन्यात वास्तुशांत झाली. वाडीतली पोरं त्यालाच 'नवा घर' म्हणायला लागली. परवा पोस्टमन माझं पत्र तिकडे टाकून गेला. आता आमका 'जुन्या नव्या घराकडले' म्हणतत.