दुसरे बाळंतपण घरी करावे का? नेदरलँड्समधील एका मराठी कुटुंबाचा प्रश्न

शेवंती :

सर्वांना नमस्कार. आम्ही ॲम्स्टलफेनमध्ये राहतो आणि मला सध्या एकतिसावा आठवडा सुरू आहे. पहिली मुलगी पुण्याच्या रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीने झाली. ती आता चार वर्षांची आहे. येथे गर्भारपणाची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न होता वस्तीतल्या मिडवाइफच्या दवाखान्यात होते. आमच्या मिडवाइफने गेल्या भेटीत सांगितले की, सर्व काही सुरळीत असेल तर मी घरी बाळंत होऊ शकते, आणि पुढच्या भेटीपर्यंत आम्ही दोघांनी विचार करून ठेवावा.

यजमानांची तयारी आहे. मलाही मुलीपासून दूर न राहता, आपल्याच अंथरुणावर बाळंत व्हावे असे मनापासून वाटते. परंतु आई सांगलीहून बाळंतपणासाठी येणार आहे आणि तिचा याला ठाम विरोध आहे. तिच्या लहानपणी तिच्या काकू गावी घरीच बाळंत झाल्या आणि अतिरक्तस्रावाने गेल्या. ते तिने डोळ्यांनी पाहिले आहे. तिची भीती मला खोटी म्हणता येत नाही. शिवाय ती म्हणते की माझ्या पहिल्या खेपेला वार पडायला उशीर झाला होता आणि रक्तही बरेच गेले होते. माझ्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र त्याचा काहीही उल्लेख नाही.

घरी बाळंत होणे खरोखर सुरक्षित आहे का, तयारी काय करावी लागते, आणि त्या वेळी मुलीला घरात ठेवावे का, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. आईला पाचवी पुजायची आहे, शेक-शेगडी करायची आहे. ते येथील घरात कसे जमवावे, हेही कृपया सांगावे.

पैलतीर :

शेवंतीताई, मनःपूर्वक अभिनंदन. आमचा धाकटा मुलगा उत्रेख्तमध्ये घरीच जन्मला, म्हणून तयारीविषयी सविस्तर लिहिते.

आईंना सर्वप्रथम हे सांगावे की येथे घरी बाळंत होणे म्हणजे वैद्यकीय मदतीविना बाळंत होणे नव्हे. मिडवाइफ ही चार वर्षांचे व्यावसायिक शिक्षण घेतलेली, स्वतंत्रपणे जबाबदारी घेणारी व्यक्ती असते. कळा सुरू झाल्यावर ती घरी येते, बाळाचे ठोके वेळोवेळी ऐकते, आणि तिच्या सामानात गर्भाशय आकुंचन पावण्यासाठीचे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, बाळाला श्वास देण्याची पिशवी व मास्क, ऑक्सिजन अशी साधने असतात. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतिणीची व बाळाची काळजी घेणाऱ्या सेवेची, प्रशिक्षित बाई तिच्या मदतीला येते. कोणत्या स्त्रीला घरी बाळंत होता येईल आणि कोणत्या क्षणी रुग्णालयात न्यायचे, याची राष्ट्रीय पातळीवर ठरलेली यादी आहे. जुळे, पायाळू बाळ, आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी सुरू झालेल्या कळा, अशा परिस्थितीत घरचा पर्याय राहतच नाही.

तयारीत सर्वांत महत्त्वाचा भाग पलंगाचा आहे. त्याची उंची सुमारे सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर असावी लागते, कारण वाकून काम करताना मिडवाइफच्या आणि क्रामझोर्खच्या बाईंच्या पाठीवर ताण येतो. त्यासाठी पलंगाच्या पायांखाली ठेवायचे ठोकळे वैद्यकीय साहित्याच्या दुकानातून भाड्याने मिळतात. दोन्ही बाजूंनी पलंगाजवळ जाता आले पाहिजे. विमा कंपनी एक पेटी पाठवते. तिच्यात चादरीखाली घालायचे शोषक कागद, नाळेचा चिमटा, जाळीचे कापड, अल्कोहोल इत्यादी वस्तू असतात. ती अजून आली नसेल तर लगेच विचारणा करावी. क्रामझोर्खसाठी तुम्ही नाव नोंदवले असेलच. नसेल तर आजच नोंदवा, कारण गर्भारपणाच्या सुरुवातीलाच नोंदणी करण्याची येथे पद्धत आहे.

आपल्या लोकांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट म्हणजे जिना. येथील घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की झोपलेल्या रुग्णाला त्यांवरून खाली आणता येत नाही, आणि कधी कधी अग्निशमन दलाला बोलावून खिडकीतून खाली उतरवावे लागते. तुमची झोपण्याची खोली वरच्या मजल्यावर असेल तर याविषयी मिडवाइफशी आधीच बोलून ठेवा. आमचा पलंग आम्ही तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आणला होता आणि तो निर्णय फार उपयोगी पडला.

खर्चाचेही सांगते. घरच्या बाळंतपणाचा खर्च मूलभूत विम्यातून होतो. वैद्यकीय कारण नसताना रुग्णालय निवडले तर काही रक्कम स्वतः भरावी लागते. कारण असेल तर ती भरावी लागत नाही.

कृष्णाकाठ :

मी कोल्हापूर परिसरात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. प्रश्नात ओझरत्या आलेल्या एका वाक्याकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे, कारण माझ्या मते संपूर्ण निर्णय त्यावर अवलंबून आहे.

पहिल्या वेळी वार अडकली असेल आणि रक्तस्राव मोठा झाला असेल, तर तो पुन्हा होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा अधिक असते. पहिल्या बाळंतपणात एक लिटरपेक्षा जास्त रक्त गेले असेल किंवा भूल देऊन वार हाताने काढावी लागली असेल, तर दुसरे बाळंतपण रुग्णालयातच झाले पाहिजे. माझ्या माहितीप्रमाणे नेदरलँड्समधील नियमही तेच सांगतात. अशा वेळी मिडवाइफ तीच राहते, फक्त जागा बदलते. डिस्चार्ज कार्डावर उल्लेख नाही म्हणजे तसे काही घडलेच नाही, असे कृपया धरून चालू नका. आपल्याकडे कार्डावर ‘नैसर्गिक प्रसूती, बाळ-बाळंतीण सुखरूप’ इतकेच लिहून देण्याची सवय फार जुनी आहे. पुण्याच्या रुग्णालयाला लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपर मागवा. त्यात प्रसूतीची आणि शस्त्रक्रियागृहाची नोंद, हिमोग्लोबिनचे आकडे आणि रक्त चढवले असल्यास त्याची नोंद पाहा. बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे हिमोग्लोबिन शेजारी ठेवले तरी बरेच काही कळते. तुमच्या मातोश्रींची आठवण ही भीतीतून आलेली कल्पना नसून वैद्यकीय इतिहासाचा भाग आहे, आणि मिडवाइफला ती शब्दशः सांगितली पाहिजे.

आता सुरक्षिततेविषयी. नेदरलँड्समधील 5,29,688 कमी जोखमीच्या प्रसूतींचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. घरी आणि रुग्णालयात बाळंत होण्याचे ज्यांनी आधीच ठरवले होते, अशा दोन गटांत बाळांच्या मृत्यूच्या किंवा गंभीर आजाराच्या प्रमाणात त्यात फरक आढळला नाही. इंग्लंडमधील 2011 सालचा अभ्यास अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. पहिलटकरणींच्या बाबतीत घरचा पर्याय निवडल्यास बाळाला गंभीर त्रास होण्याचे प्रमाण हजारी 9.3 होते, तर रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञांच्या विभागात ते 5.3 होते. दुसऱ्या किंवा पुढच्या बाळंतपणात मात्र असा फरक दिसला नाही. घरी सुरुवात करून रुग्णालयात हलवावे लागण्याचे प्रमाण पहिलटकरणींत शंभरात पंचेचाळीस, तर पुढच्या बाळंतपणांत बारा होते. म्हणजे सगळे सुरळीत असतानाही बॅग भरलेली असावी आणि रुग्णालयात जावे लागल्यास मनाला धक्का बसू नये, इतकी ही शक्यता आहे.

हे सर्व आकडे निवडलेल्या, कमी जोखमीच्या स्त्रियांचे आहेत, आणि ज्या देशांत मिडवाइफ, रुग्णवाहिका व शस्त्रक्रियागृह एकाच साखळीत बांधलेले आहेत, त्या देशांचे आहेत. हे वाचून महाराष्ट्रातल्या एखाद्या भगिनीने प्रशिक्षित व्यक्तीशिवाय घरी बाळंत होण्याचे ठरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात धडधाकट स्त्रीची प्रकृतीही फार थोड्या वेळात हाताबाहेर जाऊ शकते; त्या वेळी पहिले इंजेक्शन किती मिनिटांत मिळते आणि शस्त्रक्रियागृह किती अंतरावर आहे, यावर सारे ठरते.

डोंगरवाट :

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यात आशाताईंच्या प्रशिक्षणाचे काम करतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे 95 टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. उरलेल्या पाच टक्क्यांत निवडीने घरी राहिलेल्या स्त्रिया थोड्या असतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आल्यामुळे वाट बंद झालेल्या, मध्यरात्री कळा सुरू होऊन वाहन न मिळालेल्या, घरी दुसरी मुले सांभाळायला कोणी नसलेल्या आणि दवाखान्यात मिळणाऱ्या वागणुकीची धास्ती घेतलेल्या अशा या स्त्रिया असतात. शेवंतीताईंच्या आईंनी पाहिलेले बाळंतपण याच प्रकारचे होते, आणि ॲम्स्टलफेनमध्ये त्यांच्या मुलीपुढे असलेला पर्याय त्याहून सर्वस्वी वेगळा आहे. आईंना समजावताना हा फरक सांगितला, तर काकूंच्या मृत्यूचे दुःख कमी लेखल्यासारखे त्यांना वाटणार नाही.

बाळ कुठेही जन्मले तरी खरी जोखमीची वेळ नंतरही संपत नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेतली, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट असते. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसाची एक भेट अधिक मिळते.

या भेटींत आम्ही आज्यांशी जे बोलतो, तेच येथे लिहितो. बाळाला पुसून कोरडे करून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, पहिली अंघोळ किमान चोवीस तास लांबवावी, नाळेला हळद, तेल किंवा राख काहीही लावू नये, आणि मध, गूळपाणी, घुटी यांतले काहीही चाटवू नये. चीक टाकून देण्याची पद्धत काही घरांत अजूनही आहे. ती मोडलीच पाहिजे. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास जलद झाला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

शेवंती :

सर्वांची मनापासून आभारी आहे. पुण्याहून केसपेपर मिळाले. त्यांत वार भूल देऊन हाताने काढल्याची आणि एक पिशवी रक्त चढवल्याची स्पष्ट नोंद आहे. मला तेव्हा गुंगीत असल्यामुळे काहीच आठवत नव्हते. मिडवाइफने कागद पाहताच रुग्णालय सुचवले. तीच सोबत असेल, आणि सर्व ठीक असल्यास काही तासांत घरी येता येईल. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ रडली आणि मग डिंक कुठून आणायचा, हे विचारू लागली. मला थोडे वाईट वाटते, हे नाकारत नाही. मुलीसाठी आणि पाचवी-बारशासाठी मात्र सूचना अजून हव्या आहेत.

पैलतीर :

शेवंतीताई, निर्णय योग्यच झाला. काही तासांत घरी आलात की क्रामझोर्खची सेवा तशीच मिळेल. पहिल्या आठ दिवसांत मिळून किमान चोवीस तास सेवा मिळते आणि गरजेप्रमाणे ती वाढते. साधारणपणे एकोणपन्नास तास मिळतात. येणारी बाई तुमचे टाके व रक्तस्राव पाहते, बाळाचे तापमान व वजन घेते, स्तनपानाला मदत करते आणि मोठ्या मुलाकडेही लक्ष देते. तुमची आई आणि ती एकाच घरात वावरणार असल्याने, स्वयंपाक व मालिश आईकडे आणि तपासणी तिच्याकडे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी ठरवून द्यावी. बाळाला तेल लावण्याविषयी दोघींचे मत वेगळे पडण्याची शक्यता आहे. मिडवाइफसमोर बोलून घ्या.

शेगडीविषयी मात्र मी आग्रहाने सांगते. कोळशाची शेगडी किंवा धुरी येथे मुळीच करू नये. ही घरे थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. आपल्या वाड्यातल्या कौलांतून धूर निघून जात असे, तसा तो येथे जात नाही, आणि कोळशाच्या वायूने बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवाला धोका होतो. कमरेला गरम पाण्याची पिशवी पुरेशी आहे. बाळाच्या अंथरुणात उबेसाठी ठेवायच्या गरम पाण्याच्या धातूच्या बाटल्याही बाळापासून पुरेशा अंतरावर, घट्ट झाकण लावून आणि कापडात गुंडाळून ठेवाव्या लागतात. क्रामझोर्खची बाई ते दाखवील. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा यांना कोणाचीच हरकत नसते.

मुलीला आजीच्या ताब्यात ठेवावे आणि आपण कुठे जाणार व कधी येणार, हे आतापासून तिच्या भाषेत सांगावे. घरी शिरताना बाळ वडिलांच्या हातात असावे, म्हणजे तुमचे दोन्ही हात तिच्यासाठी मोकळे राहतील. येथे बाळ झाल्यावर रस्कवर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या साखरगोळ्या घालून वाटतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा झाला तर निळ्या-पांढऱ्या. तिच्या शाळेच्या वर्गात हे वाटण्याचे काम तिच्याकडेच द्यावे. पाचवीला सटवाईपुढे पाटी-पेन्सिल ठेवायलाही तिला बसवा.

बारशाबाबत एक अडचण लक्षात ठेवा. जन्माची नोंद नगरपालिकेत तीन दिवसांच्या आत करावी लागते आणि तेव्हाच नाव लिहून द्यावे लागते, त्यामुळे बाराव्या दिवसापर्यंत थांबता येत नाही. आत्याला आधीच विचारून दोन नावे पक्की करून ठेवा. पाळण्यात कानात सांगायचे ते तिलाच सांगू द्या. पुढे भारतीय पारपत्रासाठी हेग येथील दूतावासाकडे जावे लागेल, तेव्हा नोंदणीच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय प्रत त्याच वेळी मागून घ्या. नावाचे स्पेलिंग तुमच्या पारपत्रांशी अक्षर न अक्षर जुळत असल्याची खात्री यजमानांनी तेथेच करावी. बीसीजी येथे जन्मतःच देत नाहीत. भारतात जाण्याचा बेत लवकर असेल तर बालआरोग्य केंद्रात पहिल्याच भेटीत विचारा.