गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर घरीच बदलायचा आहे, आधी काय तपासू?

खानापूरवाला
गाडी मॅन्युअल गिअरची जुनी पेट्रोल हॅचबॅक, एबीएस नाही. पावसाळा लागल्यापासून स्पीडचा काटा मधेच शून्यावर येतोय, तेव्हा किलोमीटरही पुढे सरकत नाहीत. थांबताना क्लच दाबला की आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) पडून इंजिन बंद होतंय. स्कॅनरवर कोड पी ०५००. सेन्सर गिअरबॉक्सवर वरच्या अंगाला, तीन वायरचा, एका बोल्टवर बसवलेला आहे. तो काढताना गिअर ऑइल सगळं रिकामं करावं लागतं का? आणि सेन्सरच गेलाय हे ओळखायचं कसं?

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिक
दादा, पार्ट आत्ताच आणू नका. पी ०५०० म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वेगाचा सिग्नल मिळत नाही, एवढंच. पावसात सुरू झालंय म्हटल्यावर आधी कनेक्टर बघा. जांबोटी-चोर्ला रस्त्यावरचा तांबडा चिखल तिथे साचतो, रबर सील सुटलेलं असेल तर पिनांवर हिरवट गंज चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघून घ्या.

तीन वायर म्हणजे बहुतेक हॉल सेन्सर (चुंबकीय बदल ओळखून सिग्नल देणारा). किल्ली ऑन, इंजिन बंद, कनेक्टर काढलेला. सप्लाय आणि अर्थमध्ये १२ व्होल्ट (काही गाड्यांत ५) मिळायला हवेत. सिग्नलच्या वायरवरही ५ किंवा १२ दिसतात, कारण ते समोरून, ईसीयू किंवा मीटरकडून येतात. बल्बचा टेस्टर इथे लावू नका, जास्त करंट ओढून ईसीयूला धोका होतो. मल्टिमीटरच वापरा.

हे बरोबर आलं तर कनेक्टर परत जोडा आणि सिग्नल वायरला मागून टाचणी लावून मोजा. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, पुढचं एकच चाक उचलून स्टँडवर. ते चाक हाताने सावकाश फिरवा. व्होल्टेज शून्याजवळ आणि वर असं उडत राहिलं तर सेन्सर चांगला आहे. भराभर फिरवलंत तर मीटर मधलाच आकडा दाखवेल आणि फसाल. उडत नसेल तर सेन्सर किंवा त्याला फिरवणारी गिअर गेली.

निपाणीकर
बदलायची वेळ आलीच तर: ऑइल रिकामं करायची गरज नाही, सेन्सर वर आहे. आधी भोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पुसून काढा, नाहीतर ती थेट गिअरबॉक्समध्ये पडते. बोल्ट बहुतेक दहाच्या पान्याचा. सेन्सर अ‍ॅल्युमिनियममध्ये धरून बसतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिकचा कान तुटतो. गंजावर निघणारं तेल मारून अर्धा तास थांबा, मग डावी-उजवीकडे वळवत वर ओढा.

टोकाला प्लास्टिकची छोटी गिअर असेल तर तिचे दात मोजा. नव्यावर तेवढेच हवेत, नाहीतर काटा कायम चुकीचा वेग दाखवेल. टोक चुंबकाचं असेल तर त्यावरचा लोखंडी चुरा बघा: थोडी काळी पेस्ट चालते, चकचकीत तुकडे असतील तर गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल.

ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी कडी) नवीच घाला, तिला गिअर ऑइल चोळा. सेन्सर हाताने पूर्ण खाली बसला पाहिजे. बोल्टने ओढून बसवलात तर ओ-रिंग कापते आणि तिथून ऑइल झिरपतं. बोल्ट छोट्या पान्याने बेताचा आवळा, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर. शेवटी कोड पुसा आणि चालवताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात वेग येतोय का ते दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा.

खानापूरवाला
कनेक्टर साफ केला. काटा आता कायमच शून्यावर. कनेक्टर काढून सप्लायला १२ येतात, सिग्नलच्या वायरवर मात्र ०.८ व्होल्टच. वेग वाढला की आपोआप लॉक होणारं सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं आहे, त्याचा काही संबंध?

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिक
मोठा संबंध आहे. वायर तुटली असती किंवा बॉडीला टेकली असती तर साधारण शून्यच आलं असतं. ०.८ म्हणजे त्या वायरला जोडलेली दुसरी वस्तू व्होल्टेज खाली ओढतेय. असं लॉक वेगाचा सिग्नल बहुतेक मीटरमागच्या वायरमधूनच घेतं. तो जोड शोधा, लॉकची वायर सोडवा, टोकाला टेप लावा आणि परत मोजा. पूर्ण व्होल्टेज आलं तर मूळ वायरवरचा कापलेला भाग सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि चाक फिरवून सेन्सर तपासा. अँड्रॉइड स्टिरिओ बसवला असेल तर त्याचीही वायर तिथेच जोडलेली असू शकते.