सिकलसेल तपासणीनंतर टक्केवारी समजावायची, की सरळ ‘लग्न नको’ म्हणायचं?

झाडीपट्टीकर:
सिकलसेल म्हणजे आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार. 2023 च्या जुलैत केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. गडचिरोली-चंद्रपूरकडं तपासणी होते, कार्डं मिळतात, आणि सोबत एकच वाक्य: “तुम्ही एएस, एएसशी लग्न करू नका.” (एए म्हणजे दोष नाही, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार.) चूक नाही. पण गावभर फिरून त्याचं “पोरगी सिकलसेलची आहे” होतं. मग एए मुलाकडचेही नकार कळवतात. त्या जोडीला एसएस मूल होण्याचा प्रश्नच नाही, झालं तर एएस, म्हणजे फक्त वाहक. जोडीजोडीचा हिशेब कागदावर काढून दाखवायलाच हवा. वेळ नाही ही सबब झाली.

सिस्टरताई:
सबब? शिबिराची रांग बघायला या एकदा. दोघं एएस असलेल्यांना “चारात एक लेकरू एसएस” सांगितलं की लोक काय धरतात माहितीय? पहिलं लेकरू एसएस निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली! एका घरात दुसरंही एसएस निघालं, तेव्हापासून मी टक्के सोडले. दोघं एएस असाल तर लग्न नको. विषय संपला.

झाडीपट्टीकर:
@सिस्टरताई, त्या घराला टक्क्यांनी नाही, अर्धवट सांगण्यानं फसवलं. एएस आईकडं दोन चिठ्ठ्या, एक ए, एक एस; एएस बापाकडंही तशाच दोन. दर गरोदरपणात दोघांची एकेक नव्यानं उचलायची; दोन्ही एस निघाल्या तर लेकरू एसएस. मागच्या खेपेला काय निघालं, त्याचा पुढच्याशी संबंध नाही. एवढं आठवीतल्या पोरालाही कळतं.

तर्कट:
आणि ज्यांचं लग्न होऊन गेलंय ते? गर्भाची तपासणी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात करता येते, पण त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं, म्हणजे आधीच कळायला हवं. “नको” एवढंच पाठ असेल तर या जोडप्याला काय सांगणार?

एसएसवाला:
सगळे लग्नावरच अडलेत. मी स्वतः एसएस. हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिली, पण दुखत नसतानाही रोज का घ्यायची ते कोणी बोललं नाही. औषध दुकानवाला म्हणाला, “ही कॅन्सरची गोळी.” आईनं त्याच दिवशी बंद केली. रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात, खरंय. पण आमच्यात ती बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, त्यानं पेशी कमी वाकतात आणि दुखण्याचे झटके कमी येतात. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर किती वेळा भरती झालो, विचारू नका.

सिस्टरताई:
गोळीचं कबूल. ते सांगायलाच हवं, आणि ताप आला तर घरी थांबू नका, पाणी भरपूर प्या, हेही. पण लग्नाबाबत मी माझंच वाक्य ठेवणार. चिठ्ठ्या ऐकून “बघू, नशीब” म्हणणारे मी कमी पाहिले नाहीत.

तर्कट:
ठेवा. फक्त “एए असेल तर खुशाल करा” हे त्याच दमात म्हणा. चार शब्दांना रांग काही वाढत नाही. हिशेबाचा कागद आशाताई नंतर घरी नेऊन दाखवतील, मुलीच्या आणि मुलाच्या, दोन्ही घरी.