कर्ज आधी फेडावं की गुंतवणूक करत राहावं? (मी फेडायच्या बाजूची आहे, घ्या झोडपायला)

शेवटचा_हप्ता
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, काल एका मित्राशी यावरूनच वाजलं म्हणून आता लिहूनच टाकते. त्याचं म्हणणं असं की घराचं कर्ज ९ टक्क्यांनी, शेअर बाजार लांब पल्ल्यात १२ टक्के देतो, मग जास्तीचे पैसे कर्जात घालणारा माणूस गणितात कच्चा. हे वाक्य लोक इतक्या ठसक्यात बोलतात ना की समोरच्याची बोलतीच बंद होते. माझीही झाली. काय बोलायला हवं होतं ते घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

तर आता बोलते. ९ हा आकडा करारात लिहिलेला आहे. १२ कुठे लिहिलाय? तो त्याच्या मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरच्या एका चौकोनात आहे आणि तो त्यानेच टाईप केलाय. त्या जागी ७ टाकला तर तोच कॅल्क्युलेटर लगेच माझ्या बाजूने बोलायला लागतो. कर्जात घातलेल्या पैशावर मला ९ टक्के मिळतात, बाजार वर जावो नाहीतर खड्ड्यात, मिळणार म्हणजे मिळणार. कुठलीही जोखीम न घेता ९ टक्के देणारी दुसरी जागा दाखवा, मी उद्या तिथे पैसे ठेवते.

आणि कर्जाचं स्टेटमेंट एकदा नीट वाचून बघाच. २० वर्षांचं कर्ज, व्याज ९ टक्के, तर पहिल्या हप्त्यातले शंभरातले ८३ व्याजात जातात आणि मुद्दलात फक्त १७. दहा वर्षं इमानदारीत हप्ते भरले, निम्मी मुदत संपली, तरी १०० च्या कर्जातले ७१ शिल्लकच! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं काहीतरी चूक असेल, परत हिशोब केला, चूक नव्हती. याउलट दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर हेच कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं.

आणखी एक, "फरकाचे पैसे गुंतवू" म्हणणारे किती जण खरंच गुंतवतात? त्या मित्राला विचारलं तर म्हणे पुढच्या महिन्यापासून सुरू करणार आहे. दोन वर्षं हा पुढचा महिनाच चाललाय.

बोला आता.

चक्रवाढ_भक्त
मित्राची बाजू घेतो, कारण माणूस आळशी असेल पण मुद्दा खोटा नाही.

ताई, तुम्ही महागाई पूर्ण विसरलात. ७२ ला महागाईच्या दराने भागा, पैशाची किंमत किती वर्षांत निम्मी होते ते कळतं. महागाई ५ टक्के धरली तर साधारण १४ वर्षं. म्हणजे आज जो हप्ता छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटतोय तो १४ वर्षांनी आकड्याने तेवढाच पण वजनाने अर्धा, आणि तोपर्यंत पगार वाढलेला असतो ते वेगळंच. उद्याच्या हलक्या पैशाने फेडायची सोय असताना आजचा जड पैसा का घालायचा?

दुसरं म्हणजे वेळ. पंचविशीत गुंतवलेल्या पैशाला जेवढी वर्षं मिळतात तेवढी पंचेचाळिशीतल्या पैशाला मिळणार नाहीत. "आधी कर्ज संपवते मग गुंतवते" म्हणणाऱ्यांची पहिली पंधरा वर्षं अशीच जातात आणि चक्रवाढीत तीच सगळ्यात महत्त्वाची. मी कर्ज घेतलं त्याच महिन्यात इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकातले सगळेच शेअर घेणारा फंड) सुरू केला, एकदाही थांबवला नाही, एक पैसाही आधी फेडलेला नाही आणि रात्री मस्त घोरतो.

जुना_खेळाडू
घोरताय कारण अजून पडला नाहीत. मी पण घोरायचो.

२००८ ला मी पण हेच बोलत होतो, अगदी हेच शब्द, लांब पल्ला, चक्रवाढ वगैरे. अमेरिकेतला एस अँड पी ५००, म्हणजे तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, ऑक्टोबर २००७ पासून मार्च २००९ पर्यंत निम्म्याहून जास्त पडला आणि जगातले बहुतेक बाजार त्याच्या मागोमाग. रोज सकाळी उठून आधी आकडा बघायचो, मग दात घासायचो. एके दिवशी सगळं विकून टाकलं. विकल्यावर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, आठवडाभर छान झोप लागली. मग बाजार वर जायला लागला आणि मी "अजून पडेल, तेव्हा घेऊ" म्हणत काठावर बसून राहिलो.

काह्नेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा तेवढाच पैसा गेल्याचं दुःख कितीतरी जास्त असतं, पुढे त्यांनीच ते साधारण दुप्पट म्हणून मोजलं. मला ते वाचून नाही, विकून कळलं.

आणि "सरासरी परतावा" या शब्दाला फार भुलू नका. एका वर्षी ५० टक्के वर, दुसऱ्या वर्षी ४० टक्के खाली, सरासरी काढा, वर्षाला ५ टक्के फायदा दिसतो. प्रत्यक्षात १०० चे झाले १५० आणि १५० चे ९०. सरासरी फायद्यात, खिसा तोट्यात.

चक्रवाढ_भक्त
@जुना_खेळाडू, वाईट वाटलं वाचून पण यात बाजाराचा काय दोष? तोच एस अँड पी मार्च २०१३ मध्ये जुन्या उंचीच्या वर बंद झाला. नुसतं बसून राहायचं होतं हो.

जुना_खेळाडू
"नुसतं बसून" हे तुम्ही फारच पटकन टाईप केलंत. साडेपाच वर्षं आहेत ती.

बिनव्याजी
साडेपाच वर्षांचं काय घेऊन बसलात, जपानचं बघा. तिथला शेअर निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला, तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं! एवढ्यात माणूस नोकरीला लागून रिटायर होतो. फेडा कर्ज नि मोकळे व्हा.

चक्रवाढ_भक्त
आला जपान! मी वाटच बघत होतो, या विषयावर बोलताना जपान आला नाही असं होतच नाही.

अहो त्या आकड्यात कंपन्यांनी मधे वाटलेला लाभांश धरलेला नाही, एक. सगळे पैसे त्या एकाच शिखराच्या दिवशी कोणी टाकले? दर महिन्याला टाकणाऱ्याला मधल्या स्वस्ताईतही फंडाची युनिट्स मिळतच होती की, हे दोन. आणि सगळा पैसा एकाच देशात का ठेवायचा, हे तीन. जपानवरून शिकायचंच तर पैसे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला शिका, बाजाराला रामराम कशाला ठोकताय.

अवांतरराव
मला एक कळत नाही, माझ्या कर्जाची १४ वर्षं झालीत, आता सहाच राहिली. सगळे म्हणतात व्याज सगळं सुरुवातीलाच भरून झालेलं असतं, आता आधी फेडून काही उपयोग नाही. मग माझ्यासारख्याने गुंतवणूकच करावी ना?

वहीखातं
@अवांतरराव, हे मी रोज ऐकते आणि हे चुकीचं आहे. व्याज "आधी" घेतलेलं नसतं. दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागतं. सुरुवातीला मुद्दल जास्त म्हणून व्याज जास्त दिसतं, बस. आज तुम्ही १०० जास्तीचे भरलेत तर त्या १०० वर ९ टक्क्यांचं व्याज वाचतं, कर्जाचं दुसरं वर्ष असो नाहीतर चौदावं. फक्त पुढे वर्षं कमी उरल्यामुळे एकूण वाचलेली रक्कम कमी दिसते. बाकी काही फरक नाही. ("उपयोग नाही" असं तुम्हाला कोणी सांगितलं ते विचारत नाही, पण त्यांचा पगार तुमच्या व्याजातून निघत असेल तर आश्चर्य वाटणार नाही.)

अवांतरराव
बाप रे. धन्यवाद. आणि हो, त्यांचाच निघतो.

पुन्हा_शून्य
या चर्चेत माझी गोष्ट सांगते, दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

मी शेवटचा_हप्ता ताईंसारखीच. सहा वर्षं बोनस आला की कर्जात, काही विकलं की कर्जात, वाढदिवसाला मिळालेले पैसेसुद्धा. वीस वर्षांचं कर्ज जवळपास निम्म्यावर आणलं. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक रक्कम खाली जाताना बघायचं व्यसनच लागलं होतं म्हणा ना. मग नोकरी गेली, एका शुक्रवारी, पूर्वसूचना नाही.

पुढच्या महिन्यात हप्त्याची तारीख आली. आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की हप्ता तेवढाच आहे. मी सहा वर्षं जे काही भरलं त्याने कर्जाची मुदत कमी झाली होती, हप्ता एका पैशाने कमी झाला नव्हता. बँकेत जाऊन म्हटलं मी इतके जास्तीचे भरलेत, त्यातले सहा महिन्यांचे हप्ते वळते करून घ्या ना. समोरच्या मुलाने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खूप नम्रपणे सांगितलं की मॅडम ती सोय नाहीये. त्याची चूक नव्हतीच. करारात तसंच होतं, मी तो कधी वाचलाच नव्हता.

निम्मं घर माझं होतं आणि खात्यात सात आठवड्यांचे पैसे. शेवटी भावाकडून घेतले. तेव्हापासून मी आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवते, मग काय वाद घालायचा तो घाला.

शेवटचा_हप्ता
@पुन्हा_शून्य, हे वाचून आत्ता उठून माझा करार काढला. माझ्याकडे दोन पर्याय दिलेत, मुदत कमी करा नाहीतर हप्ता कमी करा, आणि मी दरवेळी डोळे झाकून पहिलाच निवडत आलेय कारण त्यात व्याज जास्त वाचतं असं दिसतं. हप्ता कमी करून घेतला आणि आपल्या मर्जीने जुन्या हप्त्याएवढेच भरत राहिलो तर कर्ज जवळपास तेवढंच लवकर संपेल, वर अडचणीच्या महिन्यात कमी भरायची सोय हातात राहील. हे मला कसं सुचलं नाही? हा मुद्दा सपशेल मान्य. फेडण्याच्या बाजूने मी अजूनही आहे, पण सगळंच्या सगळं कर्जात घाला असं पुन्हा म्हणणार नाही.

चक्रवाढ_भक्त
बघा! हेच म्हणतोय मी. हाताशी पैसा असणं हीच खरी ताकद.

वहीखातं
@चक्रवाढ_भक्त, एवढ्यात गुलाल उधळू नका, तुम्हाला एक विचारायचंय. त्याआधी बाकीच्यांसाठी: क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ही सगळी चर्चा तुमच्यासाठी नाहीच. महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ४२ च्या वर जातं, त्यापुढे कुठलाच फंड टिकत नाही, आधी ते फेडा. आणि १२ टक्क्यांच्या गप्पा मारताना फंडाची फी वजा करा. ७ टक्क्यांनी ३० वर्षांत १०० चे ७६१ होतात, १ टक्का फी गेली की ५७४. तो "एकच टक्का" शेवटच्या रकमेचा पाव भाग खाऊन जातो.

आता प्रश्न. भक्तजी, तुमचे सगळे पैसे इंडेक्स फंडातच आहेत का?

चक्रवाढ_भक्त
छे छे, एवढा वेडा नाही. ७० टक्के इंडेक्स, ३० टक्के बाँड (ठरलेलं व्याज देणारे रोखे) आणि ठेवी. बाजार पडला तरी तो भाग स्थिर राहतो.

वहीखातं
त्या ३० टक्क्यांवर किती मिळतं?

चक्रवाढ_भक्त
६ च्या आसपास. का?

वहीखातं
आणि कर्ज ९ ने.

इथे सगळे कर्जफेडीची तुलना शेअरशी करताय आणि म्हणून भांडण मिटत नाही. कर्ज फेडणं म्हणजे ठरलेला, जोखीम नसलेला परतावा. त्याची तुलना तुमच्या पोर्टफोलिओतल्या तसल्याच भागाशी करा ना, बाँडशी, ठेवीशी. तुम्ही ९ ने उसने घेऊन ६ ने ठेवताय आणि त्याला सावधपणा म्हणताय. इंडेक्सच्या ७० ला हातही लावू नका, त्यावर तुमचं नि ताईंचं एकमत कधी होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण त्या ३० मधून आणीबाणीचे सहा महिने बाजूला काढून जे उरेल ते कर्जात का नाही घालत?

जुना_खेळाडू
अरे देवा.

चक्रवाढ_भक्त
...व्याजावर करात सवलत मिळते ना, ती धरली तर ९ चे ९ राहत नाहीत.

वहीखातं
धरा की. आणि ठेवीच्या व्याजावर जो कर लागतो तोही धरा. मग दोन्ही आकडे इथे लिहा, आम्ही थांबतो.

चक्रवाढ_भक्त
एक्सेल उघडलंय. संध्याकाळी सांगतो.

बिनव्याजी
रात्रीचे अकरा वाजले, भक्तजी?

चक्रवाढ_भक्त
कर धरून कर्ज ७.४ आणि ठेवी ४.८. त्यातल्या एका ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, ती कर्जात टाकतोय. इंडेक्स फंड बंद करणार नाही म्हणजे नाही, आणि जपानबद्दलचं एक अक्षरही मागे घेत नाही.