शहापूरच्या पाण्यावर ३० सेकंदांची जाहिरात, पण रडकं पोर नको

कळवेकर: ठाण्यातली आमची संस्था शहापूर तालुक्यात ठाकूर-कातकरी पाड्यांवर पाण्याचं काम करते. युरोपातल्या देणगीदाराला तिकडच्या टीव्हीसाठी जाहिरात हवीय. त्यांचा आराखडा ठरलेला: भेगाळलेली जमीन, हंडेवाली बाई, टक लावून बघणारं शेंबडं पोर, वर इंग्रजी निवेदन. शूटमध्ये नेमकं काय बदलायचं? नियमांचा काही आधार मिळतो का?

तिपाईवाला: आधी कॅमेऱ्याची उंची. उभ्याने खाली रोखलेला कॅमेरा समोरच्याला आपोआप लाचार करतो. मुलासाठी तिपाई त्याच्या डोळ्यांच्या रेषेत लावा, साधारण तीन-साडेतीन फुटांवर. झूम करून नुसता चेहरा पकडू नका. वाइड लेन्सने जवळ जा, म्हणजे मागचं अंगण आणि माणसं फ्रेममध्ये राहतात. ग्रेडिंगला, म्हणजे शूटनंतर रंग जुळवताना, पिवळट छटा चढवू देऊ नका.

खरा घोळ आवाजात होतो. ३० सेकंद म्हणजे सेकंदाला २५च्या हिशेबाने ७५० फ्रेम. त्यातली निदान १० सेकंद बाईला तिच्या ठाकरी बोलीत बोलू द्या, खाली सबटायटल, दोन ओळींच्या वर नाही. तेवढ्यात जेमतेम वीसेक शब्द मावतात, म्हणून प्रश्न नीट निवडा. ‘त्रास काय होतो?’ विचारलंत तर रडगाणंच मिळणार. ‘पंप कोण चालवतं, बिघडला तर काय करता?’ असं विचारा.

वाशी_मीडिया: आपल्या नियमांवर विसंबू नका. केबल टीव्ही नियम १९९४ मधला नियम ७ वंश, जात, रंग, पंथ, राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी रोखतो. तुमच्या जाहिरातीत हेटाळणी नाही, कीव आहे. शिवाय ती दाखवली जाणार परदेशात. त्यापेक्षा युरोपातल्या विकाससंस्थांच्या कॉन्कॉर्ड महासंघाने २००६ मध्ये स्वीकारलेली चित्रं-संदेशांची आचारसंहिता करारातच घाला. देणगीदार ‘रडका चेहरा पैसे आणतो’ म्हणतील. आणतोही कदाचित. पण व्हीएसओ या ब्रिटिश स्वयंसेवी संस्थेच्या २००२च्या अहवालात ८० टक्के ब्रिटिशांच्या मनात विकसनशील देश म्हणजे दुष्काळ आणि पाश्चात्त्य मदत एवढंच चित्र होतं. हे असल्याच जाहिरातींचं पीक.

टँकर_घोडबंदर: उंची, लेन्स ठीक, पण कारण कुठंय? भातसा, तानसा ही धरणं शहापुरातच. पाणी मुंबईला जातं आणि पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. नुसती भेगाळलेली जमीन दाखवली की दोष आभाळाचा, नाहीतर त्या माणसांचा. जाडजूड जलवाहिनी आणि हंडा एकाच शॉटमध्ये घ्या (जलवाहिनीपाशी चित्रीकरणाची परवानगी आधी काढा). टँकर इकडे घोडबंदरच्या सोसायट्यांतही येतात, पण बिल्डरच्या जाहिरातीत स्विमिंग पूलच दिसतो!

तिपाईवाला: बरोबर, तो शॉट पहिल्या पाच सेकंदांतच टाका, शेवटी ठेवलात तर देणगीदार लांबीचं कारण देऊन उडवेल. आणि संमती. इंग्रजी कागदावर अंगठा म्हणजे संमती नव्हे. मराठीत वाचून दाखवा. टीव्ही, इंटरनेट, पोस्टर यांना वेगवेगळा होकार घ्या, मुदत लिहा. मुलाच्या बाबतीत पालकांसोबत त्यालाही विचारा, आणि नाव, शाळा, पाडा एकत्र दाखवू नका. कच्चं संकलन पाड्यावर दाखवूनच अंतिम प्रत काढा, नंतर बदल करायचे तर ग्रेडिंग-मिक्सिंगचा खर्च पुन्हा पडतो.