शुक्रवारी आमचा ओपनर गेला, रविवारी सेमीफायनल खेळवली. हे बरोबर होतं का?

मळ्यातला:
परवा तालुक्याच्या क्रिकेट ग्रुपवर एका आयोजकाने लिहिलं, "दुःख सगळ्यांनाच आहे, पण एका माणसासाठी सोळा टीमना वेठीला धरता येत नाही. दोन मिनिटं मौन पाळलं, विषय संपला." तिथे दोन वाक्यांत भांडून मी बाहेर पडलो. विषय संपलेला नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचा ओपनर शुक्रवारी रात्री बाईकवरून घरी येताना अपघातात गेला. शनिवारी दुपारी त्याला पोचवला. रविवारी सकाळी नऊला सेमीफायनल. आम्ही एक आठवडा मागितला. उत्तर आलं, नाही उतरलात तर समोरच्यांना बाय, म्हणजे ते न खेळताच फायनलला. शेवटी दहा पोरं आणि एक बदली घेऊन उतरलो.

स्कोअररने अकरा नावं आधीच लिहून ठेवली होती. आमच्या समोर त्याने पहिल्या नावावर बॉलपेनने आडवी रेघ मारली. हात अडखळला त्याचा, रेघ तिरकी गेली. मग पहिल्या बॉलआधी माईकवरच्या माणसाने सवयीने आमच्या ओपनरचंच नाव पुकारलं. नॉन-स्ट्रायकरला त्याचा चुलत भाऊ होता. घरात सुतक आणि पोरगा मैदानात. तो तिथेच पिचवर खाली बसला.

मोठ्या क्रिकेटला थांबता येतं. ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिल ह्यूज, त्याला 25 नोव्हेंबर 2014 ला सिडनीत बॉल लागला, 27 ला तो गेला. भारताविरुद्धची ब्रिस्बेनची कसोटी 4 डिसेंबरला होती, ती पुढे सरकवली आणि मालिका 9 तारखेला ॲडलेडला सुरू झाली. मग आमच्या मळ्यातल्या स्पर्धेला एवढी कसली घाई?

बांधावरचा:
ते वाक्य लिहिणारा आयोजक मीच. घाई कसली ते सांगतो. मळा आपल्या बापाचा नाही, मालकाने मे अखेरपर्यंत दिलाय. मिरग तोंडावर आला की त्याला नांगर घालायचा असतो. अर्धे खेळाडू चाकरमानी, रविवारी रात्रीच्या गाडीची तिकिटं त्यांनी दोन महिने आधी काढलेली. मंडप, जनरेटर, माईक, सगळ्याचं भाडं दिवसावर. पुढच्या रविवारी कोण आलं असतं? ऑस्ट्रेलियाकडे तारखा सरकवायला जागा होती, आमच्याकडे पाऊस आहे.

आणि सचिन विसरलात का? 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये वडील गेले, परत जाऊन केनियाविरुद्ध नाबाद 140 मारले. खेळाडू खेळूनच दुःख पचवतो.

मळ्यातला:
सचिनचं उदाहरण अर्धंच दिलंत, दादा. तो आधी घरी आला, वडिलांना निरोप दिला. झिम्बाब्वेविरुद्धची मॅच त्याच्याशिवाय झाली, आपण ती 3 रनांनी हरलो. परत जायचं त्याने ठरवलं. "नाही खेळलास तर बाय" असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आमचा आक्षेप नेमका तिथे आहे.

आठवडा जमत नव्हता, मान्य. एक दिवस? ह्यूज गेला त्या दिवशी शारजात पाकिस्तान-न्यूझीलंड कसोटी चालू होती. दुसऱ्या दिवसाचा खेळ थांबवला आणि कसोटी एक दिवस वाढवली. तुम्ही सोमवार तरी विचारलात का?

परळचा_चाकरमानी:
सोमवार म्हणे! मी खाजगी नोकरीत आहे, एक खाडा म्हणजे पगार कापला. दरवेळी आम्हीच नाक मुठीत धरून सुट्ट्या काढायच्या, वर्गणी आम्हीच जास्त द्यायची आणि ऐकून पण आम्हीच घ्यायचं. माझी आजी गेली तेव्हा मला बारावं मिळालं नाही. कोण थांबलं होतं माझ्यासाठी?

मळ्यातला:
तुझ्यासाठी कोणी थांबलं नाही ते वाईटच झालं. पण म्हणून आमच्यासाठीही थांबू नये?

सुरमय:
तुमी दोघांय तारखेर भांडतास. माका एक सांगा, तुमच्या ग्राउंडार पेशंटची गाडी खय उभी आसता?

दोन वर्षांमागे माझा भाचा असाच एका स्पर्धेत भर उन्हात रन काढताना कोसळला. डॉक्टर नाही. बाहेर पडायच्या वाटेवर पाहुण्यांची गाडी आडवी लावलेली, चावीवाला चहाला गेलेला. जनरेटर आणलेल्या टेम्पोत घालून नेला त्याला. तालुक्याच्या गावी सांगितलं, गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. गोव्याची हद्द लागायच्या आधीच गेला. संध्याकाळी फायनल झाली, फटाके वाजले. घरात बसून ऐकले आम्ही ते.

मांडवीकाठ:
बांबोळीचं नाव निघालं म्हणून गोव्याच्या फुटबॉलचं एक लिहितो. गोव्याच्या डेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर, 5 डिसेंबर 2004, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो तिथेच कोसळला आणि गेला. डेंपो 2-0 ने जिंकला. मैदानावरच्या उपचारांच्या सोयीवर तेव्हा केवढी टीका झाली. क्लबने त्याची 10 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आज वीस वर्षांनंतर गावोगावच्या स्पर्धांत साधं स्ट्रेचर नाही.

परळचा_चाकरमानी:
स्ट्रेचर असून करणार काय? मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. पेशंटला घेऊन त्या खड्ड्यांतून जाऊन दाखवा.

बांधावरचा:
आता हायवेचं खापरही आमच्या मंडळावर फोडा. दिवसभर गाडी उभी करायची तर तिचे पैसे कोण देणार? सगळ्यांना फुकट खेळायचंय आणि सोयी स्टेडियमच्या हव्यात.

सुरमय:
ट्रॉफी माणसाच्या उंचीची आणतास, तेका पैसे खयसून येतत? चार फूट कमी करा आणि गाडी उभी करा.

बांधावरचा:
मी कोणाचा जीव घेतलेला नाही. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री मी झोपलो नाही, हे इथे कोणाला माहीत नाही. तुमच्या त्या ओपनरला माझ्या हाताने मी पहिली बॅट दिली होती, मळ्यातल्या. आठवीत होता. उगाच मला कसाई ठरवू नका.

मळ्यातला:
बॅटचं मला माहीत आहे. म्हणूनच "विषय संपला" हे तुमच्याकडून वाचलं तेव्हा जास्त लागलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी उत्तरही दिलं नसतं.

बांधावरचा:
ठीक आहे. आठवडा मी कधीच देऊ शकणार नाही, पावसापुढे माझं काही चालत नाही. पण चालू स्पर्धेत खेळाडू गेला तर त्याच्या टीमला एक दिवस, आणि खेळायचं की नाही ते टीमने ठरवायचं, एवढं पुढच्या वर्षीच्या नियमपत्रिकेत घालतो. दुसऱ्या दिवसाच्या भाड्याची वर्गणी सगळ्या टीमनी द्यायची. परळवाल्यांनीसुद्धा.

परळचा_चाकरमानी:
देऊ. सोमवारच्या खाड्याचं मात्र आधी सांगा.

मळ्यातला:
आणि बायची धमकी?

बांधावरचा:
काढतो. ती आमची चूक होती.

सुरमय:
गाडीचा पण त्याच कागदार लिवा. ड्रायव्हरच्या नंबरासकट.

बांधावरचा:
लिहितो, दाजी. मळ्यातल्या, बुधवारी बाराव्याला येऊ का मी? घरच्यांना चालेल?

मळ्यातला:
या. त्याची आई तुमची चौकशी करत होती. पण यायच्या आधी ग्रुपवरचं ते वाक्य काढा. चुलत भाऊ अजून रोज उघडून वाचतोय.